प्रतिस्पर्ध्याचे ऋण

ज्याला हरवायचे आहे त्याच्याविषयी मनात वैर न धरता सगळी ताकद लावून लढता येते का, हा प्रश्न धर्मविचारात जुना आहे. गीता भक्ताला भूतमात्रांविषयी निर्वैर राहायला सांगते आणि तीच गीता अर्जुनाला धनुष्य उचलायला लावते. या दोन आज्ञा एकत्र कशा नांदतात याचा खल टीकाकारांनी भरपूर केला, पण तो बहुतेक युद्धाच्या अंगाने. स्पर्धेचा विचार त्यात मागे पडला. युद्ध शत्रू संपला की संपते. स्पर्धेत मात्र समोरचा माणूस उद्याही, पुढच्या वर्षीही, शक्य तर आजच्यापेक्षा तयारीचा होऊन समोर यावा लागतो. ज्याचा पराभव हवा त्याचेच क्षेमही हवे, अशी ही विचित्र गरज आहे. म्हणून प्रतिस्पर्धी म्हणजे वाटेतला धोंडा, की त्याच्यावाचून वाटच सापडणार नाही असा कोणी, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

त्यासाठी एकमेकांपासून फार लांबची दोन उदाहरणे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. एक नाथपंथाच्या पुराणकथेतले, गोरक्षनाथ आणि कानिफनाथ यांचे. दुसरे व्यावसायिक टेनिसमधले, ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा यांचे.

पहिल्या उदाहरणाचा मुलूख पाथर्डी तालुक्यातला. अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या महामार्गावर तिसगाव लागते. तिथून मढी जवळ आहे आणि वृद्धेश्वरही त्याच डोंगररांगेत. ही रांग गर्भगिरीची. मढीला गडावर कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते. रंगपंचमी हा मुख्य दिवस, आणि त्या काळातला गाढवांचा बाजार भटक्या जमातींमध्ये दूरवर प्रसिद्ध आहे. पाडव्याला पैठणहून कावडीने गोदावरीचे पाणी येते. याच गर्भगिरीच्या परिसरात मच्छिंद्रनाथांचे मायंबा आहे, तेही नाथांचे समाधिस्थान, पण ते बीड जिल्ह्याच्या हद्दीत, आष्टी तालुक्यात येते. नगरजवळ डोंगरगणच्या बाजूला गोरक्षनाथगड आहे. म्हणजे ज्यांच्या चढाओढीची कथा पोथीत आहे ते दोघे इथल्या भाविकाच्या दृष्टीने एकाच पंचक्रोशीतले शेजारी झाले. तिसगावच्या फाट्यावर उतरून मढीला जाणारा माणूस गोरक्षाला कानिफाचा वैरी समजत नाही. दोघांपुढे तो सारखाच नारळ फोडतो.

कथा ‘नवनाथ भक्तिसार’ या ओवीबद्ध पोथीतली आहे. धुंडीसुत मालू यांनी ती शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केली. चाळीस अध्यायांची ही पोथी आजही श्रावणात घरोघर पारायणाला लावली जाते. गोरक्ष हा मच्छिंद्रनाथांचा शिष्य, कानिफ जालिंदरनाथांचा. दोन्ही गुरू दत्तात्रेयांचे अनुगृहीत, त्यामुळे शिष्यांचे नाते चुलतभावांसारखे. पण राहणी अगदी वेगळी. कानिफाबरोबर शिष्यांचा मोठा समुदाय, मानमरातब, थाट. गोरक्ष एकटा, झोळी आणि कुबडी एवढ्यावर भागवणारा. दोघांना आपापल्या गुरूची ओढ आहे, आणि दोघांनाही गुरू कुठे आहे याचा पत्ता नाही. कथेतली ही बाब डोळ्याआड होऊ देता कामा नये, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

दोघांची गाठ एका आमराईत पडते. कानिफ पाहुणचाराच्या मिषाने आपली विद्या दाखवतो. मंत्राने पिकले आंबे देठापासून सुटतात आणि आपोआप समोर येतात. सगळे पोटभर खातात. मग गोरक्ष परतफेड म्हणून आणखी लांबची फळे तशाच रीतीने आणवतो. इथवर बरोबरी झाली. त्यानंतर गोरक्ष म्हणतो की उरलेली फळे ज्या झाडांची त्या झाडांना परत लागली पाहिजेत. कानिफाला हे अशक्य वाटते. तुटलेले फळ पुन्हा देठाला जोडणे ब्रह्मदेवाचे काम. इथे बोलणे वाढते आणि एकमेकांच्या गुरूवर घसरते. कानिफ हिणवतो : तुझा गुरू स्त्रीराज्यात राणीच्या महाली विलासात पडला आहे. गोरक्ष उलट टोला देतो : तुझा गुरू गौडबंगालात राजा गोपीचंदाने खड्ड्यात पुरून टाकला आहे, वर घोड्यांची लीद लोटली आहे. आणि मग गोरक्ष भस्माची चिमूट टाकून फळे झाडांना पुन्हा जोडून दाखवतो.

फळांच्या चमत्काराला पारायणात दाद मिळते. कथेचा खरा पेच मात्र टोमण्यांत आहे. दोघांनी एकमेकांना लागेल असे बोलायचे म्हणून जे सांगितले, तेच दोघे वर्षानुवर्षे शोधत होते. गुरूचा ठावठिकाणा सांगणारा मित्र भेटला नाही, शिष्य भेटला नाही, देव प्रसन्न होऊन सांगून गेला नाही. तो सांगितला प्रतिस्पर्ध्याने, आणि तोही अपमान करताना. पोथीत कानिफाला हे लगेच उमगते. तो गोरक्षाची वाहवा करतो, आपल्या गुरूचा शोध याच्यामुळे लागला असे मानतो, आणि दोघे आपापल्या वाटेने गुरूंना सोडवायला निघतात. पुढे स्त्रीराज्यात मृदंगातून मच्छिंद्राला हाक घालणारा गोरक्ष आणि गोपीचंदाला अभय मिळवून देत जालिंदरनाथांना बाहेर काढणारा कानिफ, हे दोन्ही प्रसंग या एका भांडणातून निघाले आहेत.

पोथीकाराने इथे एक नाजूक गोष्ट साधली आहे. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा शिष्य होत नाही. गोरक्ष त्या दिवशी सरस ठरला हे स्पष्ट आहे, पण कानिफाची गादी, त्याचा समुदाय, त्याचा मान यांना बाध येत नाही. याच अहिल्यानगर जिल्ह्याशी नाते असलेल्या दुसऱ्या प्रसिद्ध सामन्याचा शेवट निराळा झाला. योगसामर्थ्याच्या गर्वाने वाघावर बसून आलेले चांगदेव ज्ञानदेवांच्या भेटीत विरघळले आणि मुक्ताबाईचे शिष्य झाले. ज्ञानदेवांनी त्यांच्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. चांगदेवांची समाधी पुणतांब्याला आहे, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो नेवाशाचा पैस खांबही याच जिल्ह्यातला. भक्तीच्या दृष्टीने चांगदेवांची कथा उंच खरी. पण तिथे प्रतिस्पर्धी उरत नाही. एकाचे दुसऱ्यात विसर्जन होते. प्रस्तुत प्रश्नाला तिचा उपयोग थोडा. गोरक्ष-कानिफांच्या कथेत दोघेही शेवटपर्यंत दोन राहतात, आणि म्हणून स्पर्धेच्या तत्त्वज्ञानाला तीच जवळची.

दुसरे उदाहरण विसाव्या शतकातले. ख्रिस एव्हर्ट फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलची. वडील टेनिसचे प्रशिक्षक, खेळ मातीच्या कोर्टवर घडलेला. दोन हातांचा बॅकहँड, बेसलाइनवरून न चुकणारे फटके, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा थंडपणा. मार्टिना नवरातिलोवा चेकोस्लोव्हाकियातली, डावखुरी, सर्व्हिस करून थेट नेटवर धावणारी. १९७५ मध्ये अवघ्या अठराव्या वर्षी, अमेरिकन ओपनच्या वेळी, तिने कम्युनिस्ट मायदेश सोडून अमेरिकेत आश्रय मागितला. दोघींचा पहिला सामना मार्च १९७३ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला झाला आणि एव्हर्टने तो जिंकला. शेवटचा १९८८ मध्ये शिकागोला. मधल्या पंधरा वर्षांत त्या ८० वेळा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, त्यांपैकी ६० वेळा अंतिम सामन्यात. अखेरचा हिशेब नवरातिलोवा ४३, एव्हर्ट ३७. ग्रँड स्लॅम एकेरीची विजेतेपदे दोघींची बरोबर अठरा-अठरा.

सुरुवातीला त्या मैत्रिणी होत्या आणि दुहेरीत जोडीदारही. १९७५ मध्ये फ्रेंच आणि १९७६ मध्ये विम्बल्डनचे दुहेरी विजेतेपद त्यांनी एकत्र मिळवले. जोडी मोडली ती एव्हर्टने. सतत बरोबर खेळून मार्टिनाला आपला खेळ आतून कळू लागला आहे, हे तिच्या ध्यानात आले होते. पुढे १९८१ मध्ये अमेलिया आयलंडच्या अंतिम सामन्यात एव्हर्टने नवरातिलोवाला ६-०, ६-० असे धुतले. त्यानंतर नवरातिलोवाने बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमन हिच्या हाताखाली शरीर नव्याने घडवायला घेतले : धावणे, वजने, आहाराचा काटेकोर हिशेब. महिला टेनिसमध्ये अशी तालीम तोवर विरळाच होती. लीबरमनने तिला आणखी एक पथ्य घालून दिले. एव्हर्टशी मैत्री बंद; कोर्टवर तिच्याविषयी मनात चीड हवी. पथ्य लागू पडले म्हणावे असे निकाल आले. एके काळी एव्हर्ट खूपच पुढे होती. आता नवरातिलोवाने तिला सलग तेरा सामन्यांत हरवले, आणि १९८४ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यानंतर दोघींचा हिशेब ३०-३० असा भिडला.

मग उलटा फेरा आला. एव्हर्ट स्वतः व्यायामशाळेत जाऊ लागली, लाकडी रॅकेट सोडून तिने ग्राफाइटची घेतली, वेळप्रसंगी नेटकडेही यायला लागली. १९८५ च्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामना तिने ६-३, ६-७, ७-५ असा जिंकला, तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्धिणीविरुद्ध तिने पुन्हा विजेतेपद घेतले. ते तिचे शेवटचे ग्रँड स्लॅम. १९८१ च्या एव्हर्टला १९८५ च्या एव्हर्टने सहज हरवले असते, असे म्हणायला हरकत नाही. आणि ही दुसरी एव्हर्ट घडवली कोणी, या प्रश्नाला वडील, प्रशिक्षक, स्वतःची जिद्द अशी उत्तरे अपुरी पडतात. ती नवरातिलोवाने घडवली. तिला हरवण्याच्या खटाटोपात घडवली.

इथे आमराईतल्या टोमण्यांचे मर्म पुन्हा समोर येते. प्रतिस्पर्धी जे सांगतो ते हितबुद्धीने सांगत नाही. तो उणे दाखवतो, कारण त्या उण्यावर बोट ठेवूनच त्याला जिंकायचे असते. मित्र तेच उणे पाहून गप्प बसतो, आणि वस्ताद सांगतो तेव्हा ते फक्त ऐकायला येते. सामन्यात ते गुणफलकावर लागते. ज्ञान देणाऱ्याचा हेतू शुद्ध असलाच पाहिजे, अशी गुरुपरंपरेची अपेक्षा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत ती अपेक्षा सोडावी लागते आणि तरीही ज्ञान खरे निघते. धर्मविचाराला अडचणीत टाकणारा मुद्दा हाच.

भारतीय तर्कशास्त्राने या अडचणीची दखल फार पूर्वी घेतली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत दोन पक्षांच्या चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. त्यात शब्दच्छल, फसवी उत्तरे, समोरच्याला कोंडीत पकडणे सगळे चालते. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडून काढायचे ती वितंडा. वाद कोणाशी करावा हेही सूत्रकार सांगतात : गुरू, शिष्य, सहाध्यायी, श्रेय इच्छिणारे, आणि हे सगळे असूया नसलेले. इतके वाचून वाटते की जल्प आणि वितंडा हे त्याज्य ठरवून विषय संपला. पण सूत्रकार तसे करत नाहीत. उगवत्या रोपाभोवती काटेरी फांद्या लावतात, तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी हे दोन्ही प्रकारही लागतात, असे ते म्हणतात. पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू शेतात बाभळीच्या काट्यांची वई करणाऱ्याला हा दृष्टान्त फोडून सांगायला नको. काटे पीक नसतात, पण काट्यांशिवाय शेळ्या पीक ठेवत नाहीत.

टेनिसच्या सामन्याला या चौकटीत बसवायचे तर तो बाहेरून जल्प आहे. हेतू जिंकण्याचा, समोरच्याला फसवणारा ड्रॉप शॉट ही तर कलाच. आणि तरीही पंधरा वर्षांच्या ऐंशी सामन्यांचा एकत्र विचार केला तर त्यातून निघते ते वादाचे फळ. दोन पक्ष, बेसलाइन आणि नेट, एकमेकांना इतके तपासतात की खेळाविषयीचे सत्य दोघींच्याही हाती थोडे थोडे लागते. एकेक सामना जल्पाचा आणि सगळी स्पर्धा मिळून वादाची, असे हे गणित आहे. न्यायसूत्रांत हा चौथा प्रकार सांगितलेला नाही. तो मैदानाने दाखवला. अर्थात काही चढाओढी शेवटपर्यंत वितंडाच राहतात. ज्या खेळाडूला आपला खेळ असा काही नाहीच, फक्त समोरच्याची लय मोडायची एवढेच जमते, त्याच्याशी खेळून कोणी शिकत नाही; फक्त वैतागतो.

द्वेषाचे काय? लीबरमनचे पथ्य चुकीचे होते असे निकालांवरून म्हणता येत नाही. आणि हिंदू परंपरेत त्या पथ्याला आश्चर्य वाटावे असा आधारही सापडतो. भागवताच्या सातव्या स्कंधाच्या आरंभी युधिष्ठिर विचारतो की जन्मभर कृष्णाची निंदा करणाऱ्या शिशुपालाचे तेज मरताना कृष्णातच कसे मिळाले. नारद सांगतात की वैराने, भयाने, स्नेहाने, कामाने, कसेही असो, मन तिथे पूर्ण लागले पाहिजे. आणि वैराने ते जितके लागते तितके भक्तीनेही लागत नाही. कीर्तनकार याला विरोधभक्ती म्हणतात आणि जय-विजयांची गोष्ट जोडतात : वैकुंठाच्या या दोन द्वारपालांनी भक्त म्हणून सात जन्म घेण्यापेक्षा वैरी म्हणून तीनच जन्म पत्करले, परतायची घाई होती म्हणून. या विचारात द्वेषाचे समर्थन नाही. तिथे द्वेषाची किंमत त्याच्या एकाग्रतेपुरती आहे. झोपताना, जेवताना, फटका मारताना समोर एकच माणूस, ही अवस्था व्यावसायिक खेळाडूंना ओळखीची आहे.

पण एकाग्रता आणि द्वेष यांची गाठ कायमची बांधलेली नाही, हे याच दोघींच्या पुढच्या आयुष्यात दिसले. पथ्य काही काळात सुटले. १९८६ च्या जुलैत फेडरेशन कपसाठी अमेरिकेचा संघ प्रागला गेला. नवरातिलोवा सोडून गेलेल्या देशात, त्याच देशाविरुद्ध, पहिल्यांदाच परत खेळायला उतरणार होती. दुखापत असूनही एव्हर्ट त्या संघात गेली. त्याच सुमारास नवरातिलोवाने तिला नाताळात ॲस्पेनला बोलावले. तिथे भेटलेल्या माणसाशी एव्हर्टचे पुढे लग्न झाले. आणि याच वर्षांत त्या एकमेकींविरुद्ध पूर्ण ताकदीने खेळतही होत्या. दोघींना पुढे कर्करोगाने गाठले, आणि तेव्हा त्या एकमेकींच्या आधाराला उभ्या राहिल्या. लीबरमनचा उपाय औषधासारखा होता असे म्हणावे लागते : काही काळ घ्यायचा, आयुष्यभर नाही. सारखे हरत असलेल्या, समोरच्या मैत्रिणीवरच्या प्रेमामुळे आणखी हरणाऱ्या खेळाडूला तो लागला. बरोबरी साधल्यावर त्याची गरज उरली नाही.

१९८४ च्या विम्बल्डननंतर, हिशेब ३०-३० असताना, नवरातिलोवाने बोलून दाखवले की आता इथेच थांबावे, पुन्हा एकमेकींशी खेळूच नये. दोघींपैकी कोणी वरचढ आहे असे म्हणणे योग्य होणार नाही, असे तिचे म्हणणे. नुकतीच विम्बल्डन जिंकलेली, सलग सामने मारत असलेली खेळाडू हे बोलत होती. दोन महिन्यांनी अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात तिनेच हा हिशेब ३१-३० केला. दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्या लागतात. पतंजलीने चित्त प्रसन्न राहावे म्हणून चार वृत्ती सांगितल्या. त्यांतली मुदिता म्हणजे पुण्यवानाचे पाहून आनंद होणे. टीकाकार तिला असूयेवरचा उतारा मानतात. उतारा खरा, पण बहुतेकांना तो परक्या, दूरच्या पुण्यवंतावरच चालवता येतो. ज्याचा गुण वाढला की आपला क्रमांक घसरतो, त्याच्या गुणाचा आनंद होणे ही मुदितेची खरी परीक्षा. नवरातिलोवाचे ते वाक्य आणि नंतरचा तो विजय मिळून या परीक्षेचा एक प्रामाणिक निकाल होतो : गुण मान्य, बरोबरी मान्य, आणि तरी चेंडू सोडायचा नाही.

जय आणि पराजय समान मानून लढ, असे गीता सांगते. खेळाडूला हे ऐकायला पुस्तकी वाटते. समान मानले तर धावायचे कशाला? पण टेनिसचा हिशेबच या उपदेशाच्या बाजूने बोलतो. रॉजर फेडररने २०२४ च्या जूनमध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचे आकडे सांगितले : कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने, त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकलेले, पण गुण जिंकले ते फक्त ५४ टक्के. जगातला एक सर्वोत्तम खेळाडू जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण हरत होता. जो प्रत्येक गुण गेल्याचे दुःख पुढच्या गुणात घेऊन जाईल तो पाचव्या सेटपर्यंत पोचणारच नाही. गुणागणिक समता ठेवणे आणि सामना जिंकायला झटणे यांत विरोध नाही. समता हीच तिथे कारागिरी आहे. फेडररचा प्रतिस्पर्धी राफेल नदाल याच्याशी तो ४० सामने खेळला, १६ जिंकला, २४ हरला, आणि २०२२ च्या सप्टेंबरात लंडनला लेव्हर कपमध्ये कारकिर्दीचा शेवटचा सामना त्याने त्याच नदालला जोडीदार घेऊन दुहेरीत खेळला. ते दोघे हरले. नदालच्या निवृत्तीच्या वेळी लिहिलेल्या पत्रात फेडररने कबूल केले की तुझ्यामुळे मला माझा खेळ नव्याने रचावा लागला, रॅकेटचा आकारसुद्धा बदलावा लागला.

अहिल्यानगर जिल्ह्यात टेनिसच्या कोर्टापेक्षा कुस्तीचा आखाडा जवळचा, आणि हे सगळे तत्त्व तिथे वेगळ्या शब्दांत पाळले जाते. गावच्या जत्रेत शेवटच्या दिवशी हगामा भरतो. सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. मग पंचकमिटीतली जाणती माणसे मैदानात उतरतात आणि जोड लावतात : वजन, वय, तालीम आणि आधीच्या कुस्त्या पाहून कोण कोणाला तोडीस तोड ते ठरवायचे. पैलवान लंगोटावर उभा राहून हात वर करतो, समोरून कोणी येतो, वस्ताद दोघांना नजरेने मापतो आणि नापसंत असेल तर मान हलवतो. चुकीची जोड लागली आणि एकजण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चितपट झाला, तर प्रेक्षक जिंकणाऱ्याला टाळ्या देत नाहीत. जोड लावणाऱ्याला शिव्या देतात. जोड चांगली लागली आणि कुस्ती बरोबरीत सुटली, तर दोघांनाही फेटा मिळतो. आधी सलामी, मग माती, मग हात मिळवणे, मग खडाखडी. या क्रमात वैराला जागा ठेवलेली नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली नाही.

हा क्रम मोडतो तेव्हा काय होते तेही या जिल्ह्याने पाहिले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांच्या निकालावरून वाद झाला आणि तो पंचावर लाथ उगारण्यापर्यंत गेला. किताबाच्या अंतिम लढतीतही एक मल्ल मैदान सोडून गेला. लाथ उगारणारा आणि मैदान सोडणारा, अशा दोन्ही मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक यावर तालमींत दोन तट पडले. तत्त्वाच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते : दोन्ही प्रसंगांत राग प्रतिस्पर्ध्यावर नव्हता, निवाड्यावर होता. न्यायशास्त्रातल्या वादसभेलाही मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ दोन्ही पक्षांना मान्य असावा लागतो. प्रतिस्पर्ध्याकडून मिळणारे ज्ञान खरे ठरते ते निकाल खरा असेल तरच. पंचावरचा विश्वास उडाला की हरणाऱ्याला स्वतःचे उणे दिसण्याऐवजी पंचाचे दिसते, आणि शिकण्याची वाट तिथेच बंद होते. हगाम्यात जोड लावणाऱ्याचा आणि कुस्ती सोडवणाऱ्याचा मान पैलवानाइतकाच का ठेवतात, हे यावरून कळते.

प्रतिस्पर्ध्याच्या ऋणाचा हा विचार सगळ्यांना लागू पडतो असे मानणे मात्र चूक ठरेल. तो बरोबरीच्या दोघांपुरता आहे. एव्हर्ट आणि नवरातिलोवा यांच्या काळात शेकडो व्यावसायिक खेळाडू होत्या ज्या दोघींपैकी एकीशी पहिल्या-दुसऱ्या फेरीत खेळल्या, तासाभरात हरल्या आणि विमानतळावर गेल्या. त्यांना या सामन्यांतून आपले कोणते उणे कळले? बहुधा हेच, की सगळेच उणे आहे. ते ज्ञान उपयोगाचे नसते. हाना मांडलिकोवासारखी एखादी मधल्या जागेवर असते. १९८५ च्या अमेरिकन ओपनमध्ये तिने उपान्त्य सामन्यात एव्हर्टला आणि अंतिम सामन्यात नवरातिलोवाला हरवले, आणि तरी इतिहासात ती त्या दोघींच्या गोष्टीतले एक वळण म्हणूनच राहिली. स्पर्धेचे कौतुक करणारे बहुतेक लेखन, पोथी धरून, दोन नायकांवर थांबते. आमराईत कानिफाचे जे शिष्य फळे खात बसले होते त्यांच्यापैकी कोणाला त्या दिवशी काय मिळाले, हे मालू सांगत नाहीत. त्यांच्यासाठी गुरू आहे, तालीम आहे, पंथ आहे, प्रतिस्पर्धी नाही. तो मिळण्यासाठी आधी कोणाच्या तरी बरोबरीला यावे लागते, आणि तिथवरचा रस्ता प्रतिस्पर्धी दाखवत नाही.